भाऊबीजेची कसोटी

दादा पाटावर बसला होता. कपाळाला कुंकू लावून झालं होतं, निरांजन पेटलेलं होतं आणि त्याची मान मात्र टीव्हीकडे वळलेली होती. रविवार, ३ नोव्हेंबर २०२४. वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत भारताला जिंकायला १४७ धावा हव्या होत्या आणि फलकावर दिसत होतं, ५ बाद २९. रोहित, गिल, कोहली, यशस्वी, सर्फराज, सगळे परतलेले. "आधी ओवाळून घे गं, मग काय बघायचं ते बघा," असं आई स्वयंपाकघरातून म्हणाली खरी, पण लगेच पदराला हात पुसत तीही दारात येऊन उभी राहिली. कारण ऋषभ पंत पुढे येऊन फिरकीला भिडायला लागला होता. मी ताम्हण हातात धरून तशीच उभी. षटक संपलं, तेव्हा ओवाळलं.

उपाहाराला आपण ६ बाद ९२ होतो आणि पंत पन्नाशी ओलांडून खेळत होता. आमच्याकडेही पानं घेतली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बॅटला चेंडू लागला की पॅडला बॅट लागली यावर तिसऱ्या पंचांनी निर्णय दिला, पंत ५७ चेंडूंत ६४ करून गेला, आणि १२१ या एकाच धावसंख्येवर शेवटचे तिघे बाद झाले. शेवटचा वॉशिंग्टन सुंदर, त्रिफळाचीत. गोलंदाज एजाज पटेल, मुंबईत जन्मलेला आणि आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. डावात ६, सामन्यात ११ बळी. २०२१ च्या डिसेंबरमध्ये याच मैदानावर त्यानं एका डावात दहाच्या दहा घेतले होते. म्हणजे वानखेडेवरच्या दोन कसोटींत त्याचे २५ बळी झाले. आपण २५ धावांनी हरलो आणि तीन किंवा त्याहून जास्त कसोटींच्या मालिकेत मायदेशात सगळ्याच्या सगळ्या कसोटी गमावण्याची ही आपली पहिली वेळ ठरली.

दुःख झालंच. श्रीखंडाची वाटी बराच वेळ तशीच राहिली. पण आज लिहायला बसले आहे ते हरण्याबद्दल नाही. त्या तीन दिवसांत मला जे मिळालं, ते मुंबईला दरवर्षी मिळायला हवं, असं माझं म्हणणं आहे. दिवाळीत मुंबईत, वानखेडेवर, दरवर्षी एक कसोटी सामना झाला पाहिजे. कुणाची पाळी आहे म्हणून नव्हे, चुकून तारीख जुळली म्हणून नव्हे, तर ठरवून. कॅलेंडरात लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज जशी छापलेली असते, तशी.

खरं तर दिवाळी आणि क्रिकेट यांची गाठ आधीच पडलेली आहे, फक्त ती योगायोगानं. मागे वळून बघा. २३ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीचा रविवार. मेलबर्नला नव्वद हजारांवर लोकांपुढे पाकिस्तानविरुद्ध कोहलीनं नाबाद ८२ केल्या, शेवटच्या षटकात १६ हव्या होत्या आणि त्या झाल्या. त्या संध्याकाळी आमच्या चाळीसारख्या जुन्या इमारतीत प्रत्येक मजल्यावरून एकच आरोळी उठली होती. पुढच्या वर्षी १५ नोव्हेंबर २०२३, पुन्हा भाऊबीज. वानखेडेवर विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर न्यूझीलंडच. कोहलीचं एकदिवसीय क्रिकेटमधलं पन्नासावं शतक आणि शमीचे ५७ धावांत ७ बळी. त्याच्या पुढच्या वर्षी ही कसोटी. सलग तीन दिवाळ्या घराघरातल्या माणसांनी फराळाच्या ताटाशेजारी क्रिकेट ठेवून साजऱ्या केल्या. आणि २०२५ च्या भाऊबीजेला आपला संघ होता अ‍ॅडलेडमध्ये, सामना एकदिवसीय. म्हणजे आपला सण असतो त्या आठवड्यात आपला संघ दुसऱ्याच्या अंगणात.

सण कधी येतो आणि त्याचं मोल काय, हे बाकी सगळ्यांना कळतं. २०२४ च्या त्या शुक्रवारी, १ नोव्हेंबरला, 'सिंघम अगेन' आणि 'भूल भुलैया ३' असे दोन मोठे हिंदी चित्रपट एकाच दिवशी लागले. दिवाळीचा शुक्रवार सोडायला दोघंही तयार नव्हते. आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, आयपीएलच्या संघांनी कुणाला ठेवलं आणि कुणाला सोडलं याच्या याद्या आल्या. अभ्यंगस्नान आटोपून लोक दिवसभर कोटींचे आकडे मोजत बसले होते. त्या यादीत दिल्लीनं पंतला सोडलं होतं. तीनच दिवसांनी तो वानखेडेवर एकट्यानं किल्ला लढवत होता आणि त्याच महिन्यात, २४ नोव्हेंबरला, लखनौनं त्याच्यासाठी २७ कोटी मोजले. चित्रपटवाले महिनोन् महिने आधी तारीख अडवून ठेवतात. आयपीएलवाल्यांना आपली जागा पक्की माहीत असते. फक्त कसोटी सामना, जो या सगळ्याचा पाया आहे, तो कुठे आणि कधी होईल हे प्रेक्षकाला वेळापत्रक जाहीर झाल्यावरच कळतं.

हे असं नेहमीच नव्हतं. माझ्या वडिलांच्या पिढीला चेन्नईची पोंगल कसोटी माहीत आहे. तेव्हाचं मद्रास. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चेपॉकला सामना, मध्ये पोंगलची सुट्टी, शहर मैदानावर. १९७५ च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडीजच्या अँडी रॉबर्ट्सनं ६४ धावांत ७ जणांना उडवलं आणि संघाच्या १९० धावांतल्या नाबाद ९७ एकट्या विश्वनाथच्या होत्या. शतक नाही, पण ती खेळी पाहिलेला माणूस आजही शतकांच्या आधी तिचंच नाव घेतो. १९८२ च्या पोंगलला त्याच विश्वनाथनं तिथे इंग्लंडविरुद्ध २२२ केल्या. १९८८ च्या जानेवारीत नरेंद्र हिरवाणी नावाचा चष्मेवाला मुलगा पहिलीच कसोटी खेळायला उतरला आणि वेस्ट इंडीजचे १६ बळी घेऊन गेला, १३६ धावांत. हे सामने गाजले ते खेळामुळे, हे खरंच. पण ते पिढ्यान् पिढ्या सांगितले जातात ते 'त्या पोंगलला' असं म्हणून. सणाशी जोडलेली आठवण माणूस विसरत नाही. आपल्याकडे नाही का, कुणाचा जन्म कधीचा विचारलं तर आजी सांगायची, गौरी बसल्या होत्या त्या दिवशी.

कलकत्त्याला नववर्षाची कसोटी असायची. मुंबईचं ब्रेबर्नही त्यात मागे नव्हतं. १९६० ची १ जानेवारी ब्रेबर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीनं सुरू झाली. त्याच सामन्यात अब्बास अली बेगनं अर्धशतक केल्यावर एक मुलगी मैदानात धावत गेली आणि तिनं त्याच्या गालाची पापी घेतली. साठ-पासष्ट वर्षं झाली, ही गोष्ट अजून सांगितली जाते. वानखेडेवरची पहिली कसोटीही जानेवारीतली, १९७५ ची, प्रजासत्ताक दिनाच्या आठवड्यातली. माझे बाबा तेव्हा शाळेत होते. क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२ त्यांनी पाहिल्या आणि एकनाथ सोलकरचं शतकही. शतकाबद्दल बोलताना आजही त्यांचा आवाज बदलतो. सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, मैदानावरच्या खोपटात वाढलेला. कसोटीत शतक त्याचं ते एकच.

या सगळ्या तारखा विस्कटल्या त्या हळूहळू. एकदिवसीय सामने वाढले, मग ट्वेंटी-ट्वेंटी, मग आयपीएल. मैदानं वाढली, प्रत्येक राज्य संघटनेला आपला वाटा हवा झाला आणि पाळीपाळीनं सामने वाटायची पद्धत रुळली. आकडा सांगते. तेंडुलकरची शेवटची, दोनशेवी कसोटी नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर झाली. ती धरून २०२४ च्या दिवाळीपर्यंतच्या अकरा वर्षांत या मैदानावर किती कसोटी झाल्या? चार. २०१३, २०१६, २०२१ आणि २०२४. मर्चंट, मांजरेकर, वाडेकर, गावसकर, वेंगसरकर आणि तेंडुलकर ज्या शहरानं दिले, त्या शहरातलं दहा वर्षांचं मूल फार तर तीन कसोटींच्या वेळी जन्मलेलं असतं. त्यातल्या एकीच्या वेळी ते चालायला नुकतंच शिकलेलं असतं.

लहान शहरांचा हक्क मला मान्य आहे आणि त्यावर मी मनापासून बोलते आहे. गुवाहाटीला नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिली कसोटी झाली, याचा मला आनंदच झाला. रांची, राजकोट, इंदूर इथल्या मुलांनी कसोटी का पाहू नये? पाळी असावीच. पण कोहलीनं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये रांचीच्या कसोटीनंतर जे सुचवलं होतं, की कसोटीची पाच केंद्रं ठरवून टाका, त्यातलं अर्धं तरी घेता येईल. वर्षाला मायदेशात चार-पाच कसोटी होतात. त्यातली एक मुंबईला दिवाळीत, एक चेन्नईला पोंगलला अशा दोन तारखा कायमच्या बांधा आणि उरलेल्या फिरत्या ठेवा. कुणाचंही फार नुकसान होत नाही.

मेलबर्नला काय होतं ते बघा. २६ डिसेंबरची, नाताळच्या दुसऱ्या दिवशीची कसोटी तिथे १९८० पासून, १९८९ चा अपवाद सोडला तर, दरवर्षी होते. कुठला संघ येणार हे बदलतं, तारीख आणि मैदान बदलत नाही. म्हणून आजोबा नातवाला घेऊन येतात, कारण त्यांना त्यांच्या वडिलांनी आणलेलं असतं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिथे भारताविरुद्धचा सामना पाचव्या दिवसापर्यंत गेला. पाच दिवसांत मिळून ३,७३,६९१ माणसं आली आणि १९३७ पासून टिकलेला त्या मैदानाचा विक्रम मोडला. पाचवा दिवस सोमवार होता, तरीही सत्तर हजारांवर प्रेक्षक होते. त्यात आपली माणसं किती होती, ते टीव्हीवर ढोल ऐकताना कळतच होतं. जो मराठी मुलगा डोंबिवलीत राहून कसोटीला कधी गेला नाही, तो मेलबर्नला नोकरीला गेला की दरवर्षी जातो. कसोटी बघायची हौस त्याला तिकडे जाऊन लागलेली नाही. इकडे त्याला ठरलेली तारीख कधी मिळालीच नव्हती.

सिडनीच्या नववर्षाच्या कसोटीतला तिसरा दिवस मला त्याहून जास्त आवडतो. ग्लेन मॅकग्राच्या पत्नी जेन यांच्या आठवणीत त्या दिवशी सगळं मैदान गुलाबी होतं आणि स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना परिचारिका मिळाव्यात म्हणून पैसा उभा राहतो. भाऊबीजेचा दिवस असाच बहिणींच्या नावानं करता येईल. त्या दिवशी भावानं ओवाळणीत तिकीट द्यावं आणि बहिणीनं ते बिनदिक्कत वापरावं.

इथे मला माझ्या बाजूच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २ ऑक्टोबर २०२५, दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी. अहमदाबादला वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी त्याच दिवशी सुरू झाली. सुट्टी होती, सण होता, जगातलं सगळ्यात मोठं क्रिकेट मैदान होतं, आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. टीव्हीवर बघताना पोटात तुटलं. मग सणाची कसोटी भरते हे माझं म्हणणं खोटं ठरलं का? मी यावर बराच विचार केला आणि मला वाटतं, नाही. सव्वा लाखावर माणसं मावणाऱ्या मैदानात वीस हजार आले तरी ते ओसाडच दिसतं. दुसरं म्हणजे एका वर्षी दसऱ्याला सामना ठेवला म्हणून सवय लागत नाही. गुजरातेत नवरात्राच्या नऊ रात्री गरबा खेळून दसऱ्याच्या सकाळी कोण साडेनऊला मैदानावर जाईल, हा विचारही वेळापत्रक करणाऱ्यांनी केला नसावा. सण निवडायचा तर त्या गावचा दिनक्रम बघून निवडायचा. मुंबईत दिवाळीच्या दिवशी माणसं पहाटे उठलेली असतात, 'दिवाळी पहाट'ची गाणी ऐकून सातला मोकळी होतात, संध्याकाळपर्यंत करायला काही नसतं. खेळ संपतो तेव्हा उजेड असतो आणि दिवे लावायच्या वेळेला घरी पोचता येतं. कसोटीचे तास दिवाळीच्या दिवसाला इतके नेमके बसतात. आणि वानखेडेची क्षमता तेहतीस हजारांच्या आसपास, चर्चगेट स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं.

दुसरा आक्षेप माझ्या घरातूनच येतो. आई म्हणते, दिवाळी म्हणजे घरात राहायचं, बाहेर कुठे जाता. तिचा मान ठेवून मी तिला विचारते, घरात राहून तू काय करतेस? पंधरा दिवस आधीपासून साफसफाई, मग चकल्यांची भाजणी, करंज्या, अनारसे जमले की नाही याची धाकधूक, मग येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा. पुरुषांची सुट्टी घरात असते, बाईची सुट्टी घराबाहेर पडल्यावरच सुरू होते. ज्या दिवशी सगळं घर फराळाचे डबे घेऊन मैदानावर जाईल, त्या दिवशी आईही बसून असेल. तिला क्रिकेट कळत नाही असं कुणी समजू नये. पंत बाद नव्हता, असं त्या दिवशी सगळ्यात आधी तीच म्हणाली होती.

मैदानावर राबणाऱ्यांचं काय, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे. माळी, पोलीस, गाळेवाले, सफाई करणारे यांनाही दिवाळी असते. एसटीचे चालक, बेस्टचे वाहक, रुग्णालयातल्या परिचारिका दिवाळीत कामावर असतात म्हणून आपण तो प्रश्न सोडून द्यायचा नाही. त्या चार दिवसांची दुप्पट मजुरी आणि बदली सुट्टी कागदावर लिहून द्यावी, आणि मैदानावरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरच्यांना एक दिवस स्टँडमध्ये राखीव जागा द्यावी. सोलकरांचा मुलगा खेळपट्टीच्या कडेला बसून क्रिकेट शिकला, हे मुंबईनं विसरू नये.

हवा मात्र मला अडवते. २०२३ च्या विश्वचषकात प्रदूषणामुळे मंडळानं मुंबई आणि दिल्लीतल्या सामन्यांना आतषबाजी बंद ठेवली होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुंबईत उकाडाही असतो. २०२४ च्या त्या कसोटीच्या पहिल्या दिवशी न्यूझीलंडचे डॅरिल मिचेल आणि विल यंग घामानं निथळत खेळत होते. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे, फटाके कमी करा, सगळ्याच कारणांसाठी.

आता त्या शुक्रवारबद्दल, कारण मी हे सगळं वर्तमानपत्र वाचून लिहीत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाबा, दादाची आठ वर्षांची मुलगी आणि मी डोंबिवलीहून निघालो. दादरला गाडी बदलली, चर्चगेटला उतरलो. भाचीच्या पायात नवे बूट, केसांत अभ्यंगस्नानाच्या उटण्याचा वास अजून होता. आम्ही बसलो तिथून मध्येच पश्चिम रेल्वेची लोकल जाताना ऐकू यायची. तिला पहिला तास कंटाळा आला. मग बाबांनी तिला दाखवायला सुरुवात केली. बघ, जडेजा किती भराभर षटक टाकतो, फलंदाजाला विचार करायला वेळच देत नाही. बघ, क्षेत्ररक्षक दोन पावलं पुढे आला, आता काय होईल सांग. ती सांगायला लागली, चुकायला लागली, आणि एकदा बरोबर आली. शॉर्ट लेगकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आजोबा, आता त्या काकांकडे झेल जाणार." थोड्याच वेळात एक फलंदाज गेला. झेल तिनं दाखवलेल्या माणसाकडे नव्हता, पण तिला त्याचं काही नव्हतं. ती खुर्चीवर उभी राहिली होती. डाव २३५ वर आटोपला, जडेजानं पाच घेतले, सुंदरनं चार. शेजारचे काका, आमच्या कुणी ओळखीचे नव्हेत, त्यांनी डब्यातून शंकरपाळे काढून तिच्या हातावर ठेवले.

हे जे झालं ते दोन चेंडूंमधल्या मोकळ्या जागेत झालं. म्हणून माझी पहिली मागणी आहे की कसोटीच्या वेळी मैदानावरचा डीजे बंद ठेवा. षटक संपलं की कानठळ्या बसवणारं गाणं, चौकार गेला की गाणं, पंच पाणी पितात तेव्हाही गाणं. आजोबा नातीला काय सांगणार आणि ती काय ऐकणार? मनोरंजन हवं तर उपाहाराच्या चाळीस मिनिटांत लेझीम आणा, ढोल-ताशा आणा, शाळेच्या मुलांचे सामने मैदानातच खेळवा. खेळ सुरू असताना खेळाला बोलू द्या.

बाकीच्या मागण्या साध्या आहेत, आणि त्या साध्या आहेत म्हणूनच टाळल्या जातात. काही वर्षांपूर्वी आपल्याच राज्यातल्या एका मैदानावर मी कसोटी बघायला गेले होते. बाटली दारातच काढून घेतली. आत दुपारपर्यंत पाणी संपलं. डोक्यावर छप्पर नव्हतं. बायकांच्या स्वच्छतागृहाला रांग इतकी की माझी पंधरा षटकं तिथेच गेली, आणि नळाला पाणी नव्हतं. माझ्यापुढे एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन उभी होती. तिनं चहापानाच्या आतच नवऱ्याला फोन केला की आम्ही निघतोय. ते कुटुंब पुन्हा मैदानावर येईल? तिकिटाचा दर शंभर रुपये ठेवा किंवा हजार, ती बाई परत येणार नाही. पिण्याचं पाणी मोफत, सावली, आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह, ही कसोटी क्रिकेट वाचवण्याची खरी योजना आहे. एकेका दिवसाचं तिकीट स्वस्त आणि खिडकीवर मिळणारं हवं, पाच दिवसांचं एकत्र नको. आणि सामन्याच्या रविवारी रेल्वेनं मेगाब्लॉक ठेवू नये, कारण कल्याण-डोंबिवली-विरारचा माणूस आला तरच हे मैदान मुंबईचं राहील.

खेळपट्टीबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. त्या कसोटीचा निकाल तिसऱ्या दिवशी जेवणानंतर लागला. पहिल्या दिवशी दुपारीच चेंडू हातभर वळत होता. ज्यांनी सोमवारची रजा टाकून चौथ्या दिवसाचा बेत केला होता, त्यांचं काय? आधी पुण्यालाही तिसऱ्याच दिवशी हरलो होतो, ११३ धावांनी, सँटनरनं तेरा बळी घेतले होते. आपल्याच फिरकीपटूंसाठी केलेल्या खेळपट्ट्यांवर त्यांच्या फिरकीपटूंनी आपल्याला गुंडाळलं. सणाची कसोटी करायची तर ती पाच दिवस टिकणारी हवी. पहिल्या दिवशी वेगवान गोलंदाजाला काही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फलंदाजाला काही, आणि चौथ्यापासून फिरकीला. वेगवेगळ्या दिवशी येणाऱ्याला वेगळा खेळ दिसला पाहिजे.

त्या शुक्रवारी आम्ही शेवटपर्यंत थांबलो नाही. पूजा होती, आईनं बजावलं होतं. यशस्वी आणि गिल नीट खेळत होते, १ बाद ७८ झाल्या होत्या. दादरला पूल चढताना दादाचा फोन आला. यशस्वी गेला, दिवस संपेपर्यंत तग धरायला सिराजला पाठवलं तर तो पहिल्याच चेंडूवर पायचीत, कोहली धावबाद. ४ बाद ८४. बाबा पुलावर तसेच थांबले. गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात होती, आकाशकंदिलांच्या पिशव्या, फुलांच्या पुड्या घेऊन. भाचीनं त्यांचा हात ओढला आणि विचारलं, "आपण उद्या परत यायचं का?" उद्याचं तिकीट आमच्याकडे नव्हतं. बाबा म्हणाले, "पुढच्या दिवाळीला येऊ." मग माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "असते का गं पुढच्या दिवाळीला?"

डोंबिवलीला उतरेपर्यंत मी फोनवर वेळापत्रक शोधत होते.